जे गाळणीत अडकत नाही

धर्माबादहून पिराजी बोईनवाड
दर मंगळवारी एसटीने बाटल्या धाडतो.
कंडक्टरच्या सीटखाली ओल्या गोणपाटात सहा बाटल्या,
प्रत्येकीच्या गळ्यात सुतळी, सुतळीला चिठ्ठी:
तारीख, घाट, पाण्याची खोली हातांत.
त्याचे सात आणि एक सारखेच दिसतात,
म्हणून माझ्या वहीत गंगा
कधी सात हात असते, कधी एक.

नांदेडच्या या खोलीत मी ती गाळते.
कागदावर राहतो तो गाळ. काळा, मऊ,
वाळला की कडेने सुटतो सायीसारखा.
त्याचं वजन लिहिलं की तो संपला.
माझं काम पुढे,
जे कागदातूनही निसटलं
त्याच्याशी.

काचेत ते पाणी अगदी निर्मळ दिसतं.
झाडायला येणारी रुक्मिनमावशी विचारते, पिऊ का गं?
मी म्हणते, थांब.
चार थेंब टाकते, घड्याळ बघते.
हळूहळू निळा चढतो,
नीळ दिलेलं धोतर काढल्यावर घंगाळात उरतो तेवढा.
ते स्फुरद.
दुसऱ्या नळीत गुलाबी, ते नत्र.
कापसाला युरियाचा दुसरा हात पडून वर झड लागली
की गुलाबी इतका होतो
की मावशी म्हणते, लग्नाचा फेटा.

तिसऱ्या नळीत दगड.
हा कुणी पोत्यातून आणून टाकलेला नाही.
उन्हाने तापतो, पावसाने भिजतो,
आणि पार, पायरी, पाटा, वरवंटा
सगळे एकाच काळ्या जातीचे
कुणाला न विचारता विरघळत राहतात.
पाट्याला टाकी लावणारी सारजा वडार म्हणायची,
दगूड झिजत न्हाई बाई, दगूड निघून जातो.
मी तिला हसले होते.
तेव्हा माझ्याकडे ही नळी नव्हती.

पुस्तकात आहे, समुद्रात एक शेवाळ असतं,
एवढं बारीक की टाचणीच्या डोक्यावर शेकडो मावतील.
ते हा दगड पाण्यातून वेचतं,
त्याची काच करतं
आणि त्या काचेत राहतं.
त्याला खाणारे खातात, त्यांना खाणारे त्यांना खातात,
आणि कुठेतरी जाळं जड होतं.

पण वाटेत धरणं.
थांबलेल्या पाण्यात तसलंच शेवाळ धरतं,
तिथेच काच बांधतं, तिथेच बुडतं.
दगड मागे राहतो. युरियाला अडवणारं फारसं कुणी नाही.
माझ्या वहीत गुलाबी वर चढतोय,
दगड उतरतोय.
हे मी साहेबांना दाखवलं.
साहेब म्हणाले, अक्षर छान आहे.

मागे एकदा पिराजीचा फोन आला, मागे पंपाचा आवाज.
म्याडम, पानी कुटं जाऊलालंय ते ठावं हाय मला.
त्याच्यातून काय काय जाऊलालंय, तेवढं सांगा.
मी सांगितलं. खूप वेळ सांगितलं.
तो म्हणाला, म्हंजे आपलं रान जाऊलालंय की,
पर कुनाला दिसंना.
मग पंप बंद झाला.

या मंगळवारी गोणपाटात सातवी पुडी निघाली.
चिठ्ठी: जवळा. पोशट्टीनं काकिनाड्याहून आणला.
धुवून घ्या, मीठ लई हाय.
पोशट्टी त्याचा थोरला, तिकडे बर्फाच्या कारखान्यात असतो.
समुद्र न पिराजीने पाहिला, न मी.

पुडी उघडली तर सगळी खोली खारट झाली.
मूठभर जवळा, नखाएवढे वाकलेले जीव,
डोळ्यांच्या जागी काळे ठिपके.
यात आमच्या पाराचा दगड असेल?
गेल्या भादव्यातला गुलाबी?
याची परीक्षा माझ्या कपाटात नाही.
असती तरी एवढ्या मुठीत काय सापडणार.

घरी नेला. तीन पाण्यांनी धुतला,
कांदा, धर्माबादी मिरची, तेल जरा सढळ.
धुतलेलं पाणी मोरीत ओतलं.
मोरी नाल्याला, नाला गंगेला,
आणि नांदेडच्या खाली, दोन-चार दिवसांच्या वाटेवर
पिराजी होडीतून वाकलेला,
बाटली बुडबुड करून भरतेय.
सुतळी बांधील. खोली लिहील,
सात
किंवा एक.